संख्येची साक्ष

आपलें बोलणें कोणीतरी ऐकावें, ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणीं उपजत आहे. तान्हें मूल रडतें तें केवळ भुकेनें नव्हे; आपल्या रडण्याला कोणी ओ देतो कीं नाहीं, हेंही त्याला पाहावयाचें असतें. पुढें तेंच मूल मोठें होऊन कवि होतें, कीर्तनकार होतें, वकील होतें किंवा आमच्यासारखें अध्यापकीच्या धंद्यांत पडतें, तरी ही ओ ऐकण्याची तहान भागत नाहीं. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. ज्याला श्रोत्याची मुळींच गरज नाहीं असा वक्ता एक तर योगी असावा, नाहीं तर ढोंगी. मात्र पूर्वीं ह्या तहानेला एक स्वाभाविक मर्यादा होती. देवळाच्या सभामंडपांत जितकीं माणसें बसलेलीं असत तितकींच तीं दिसत. कीर्तनकारानें डोळे वर करून पाहिलें म्हणजे त्याला कळे कीं, पुढें चाळीस माणसें आहेत, त्यांतलीं दहा पेंगत आहेत, आणि खांबाआडची एक म्हातारी मात्र अक्षर न् अक्षर टिपते आहे. श्रोते आणि श्रोत्यांची संख्या ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असें तेव्हां कोणाच्या मनांतही आलें नसतें.

आज त्या वेगळ्या झाल्या आहेत, आणि प्रस्तुत निबंधाचा विषय ह्या फारकतींतूनच निघाला आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील हसनाबादचेंच उदाहरण घेऊं. अशा गांवांतील एखाद्या तरुणानें खिशांतला फोन काठीला बांधून उभा केला, कीं त्याच्या शेतांतील कपाशीवर पडलेली बोंडअळी, गांवच्या हरिनाम सप्ताहांतील काल्याचें कीर्तन, किंवा त्यानें स्वतः रचलेला पोवाडा त्याच क्षणीं मुंबईपासून मेलबोर्नपर्यंत कोणालाही पाहतां येतो. यास थेट प्रक्षेपण म्हणतात, आणि ज्या खात्यावरून तें चालतें त्यास चॅनेल अथवा वाहिनी. आम्ही या प्रकारास क्षुल्लक करमणूक समजत नाहीं. ज्या मुलुखांतील माणसाला आपलें गाऱ्हाणें तालुक्याच्या कचेरींत पोंचविण्यासाठीं खेटे घालावे लागत, त्याला आतां चव्हाटा मिळाला आहे, आणि तो चव्हाटा जगाएवढा रुंद आहे. पण ह्या चव्हाट्यावर श्रोते दिसत नाहींत. दिसतो तो पडद्याच्या कोपऱ्यांतला एक आंकडा : इतके लोक पाहत आहेत, इतके अनुयायी आहेत. माणसें दृष्टीआड झालीं आणि त्यांच्या जागीं त्यांची संख्या येऊन बसली. जेथें वस्तूऐवजीं तिचें चिन्ह चालूं लागतें, तेथें खोटें चिन्ह पाडणारा कारागीर फार दिवस दूर राहत नाहीं.

तो कारागीर आलाही आहे. खोटा अनुयायी म्हणजे असें खातें कीं ज्याच्या मागें ऐकणारा माणूस नाहीं. नांव कोठून तरी जुळविलेलें, चित्र दुसऱ्याचें चोरलेलें, आणि हालचाल यंत्राच्या आज्ञावलीनें चालणारी. व्यवहारांत यास बॉट म्हणतात. एक मनुष्य एका खोलींत बसून अशीं हजारों खातीं चालवूं शकतो आणि शेंकड्यावर विकूं शकतो. थेट प्रक्षेपणासाठीं तर याहून पुढची सोय आहे. कार्यक्रम चालूं असेपर्यंत पुरेल एवढी प्रेक्षकसंख्या भाड्यानें मिळते, आणि कार्यक्रम संपला कीं मांडवांतल्या खुर्च्यांप्रमाणें ती उचलून नेली जाते. हा व्यवहार कोठें तरी परदेशांत चालत असेल असें समजून स्वस्थ बसण्याचीही सोय नाहीं. पार्श्वगायिका भूमि त्रिवेदी यांच्या नांवानें कोणीं बनावट खातें उघडलें होतें. त्यांच्या तक्रारीवरून जुलै २०२० मध्यें मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनें तपास आरंभिला, आणि त्या तपासाचा धागा पैसे घेऊन खोटे अनुयायी पुरविणाऱ्या बाजारापर्यंत जाऊन भिडला.

ह्या बाजाराचा विस्तार केवढा आहे, याची कल्पना चॅनेलवाल्या कंपन्यांनीं वेळोवेळीं केलेल्या झाडलोटीवरून येते. जुलै २०१८ मध्यें ट्विटरनें संशयास्पद खातीं अनुयायांच्या हिशेबांतून वगळलीं, तेव्हां त्या कंपनीच्या स्वतःच्या खात्याचेच ७० लाखांहून अधिक अनुयायी एकदम नाहींसे झाले. थेट प्रक्षेपणासाठीं प्रसिद्ध असलेल्या ट्विच ह्या कंपनीनें एप्रिल २०२१ मध्यें जाहीर केलें कीं, अनुयायांची व प्रेक्षकांची संख्या फुगविणारीं ७५ लाखांहून अधिक खातीं तिला आढळलीं आहेत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें तर ऑगस्ट २०२४ मध्यें नियमच केला, आणि असे खोटे अनुयायी विकणें, तसेंच व्यापारी लाभासाठीं जाणूनबुजून विकत घेणें, दोन्ही निषिद्ध ठरविलीं. रोगावर कायदा करावा लागला, म्हणजे तो घरोघर पोंचला असें समजावें.

मागें वळून पाहिलें तर खोट्या श्रोत्यांची परंपरा मोठी जुनी आहे. रोमचा बादशहा नीरो यास गाण्याचा षोक होता. त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो कीं, टाळ्या वाजविण्यासाठीं त्यानें पांच हजारांवर धट्टेकट्टे तरुण बाळगले होते. त्यांना टाळ्यांचे निरनिराळे प्रकार शिकविले होते, आणि त्या प्रकारांना माश्यांचा गुंजारव, कौलें, खापरें अशीं नांवें होतीं. त्याच शतकाच्या अखेरीस प्लिनी नांवाच्या रोमन वकिलानें एका पत्रांत तक्रार केली आहे कीं, न्यायालयांत भाषणें ऐकून वाहवा करणारीं माणसें मजुरीनें मिळतात, आणि आपल्याच पदरच्या दोघां नोकरांना ह्या कामासाठीं माणशीं तीन दिनार मिळाले. पॅरिस शहरांत १८२० सालीं नाटकांच्या यशाची हमी घेणारी एक कचेरीच निघाली. ह्या धंद्यांत वेळेवर हंसणारे, वेळेवर डोळे पुसणारे आणि 'पुन्हां म्हणा' म्हणून ओरडणारे असे वेगवेगळे कसबी असत. आपल्याकडे निवडणुकीच्या सभांना ट्रक भरभरून माणसें येतात, हें तर वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु ह्या जुन्या लबाडींत आणि आजच्या लबाडींत एक भेद आहे, आणि तो नीतिविचाराच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. भाडोत्री श्रोत्यालाही कान होते. ट्रकांतून आणलेला मजूर दिवसाची मजुरी आणि जेवणाची पुडी घेऊन सभेंत बसतो खरा. पण वक्ता मनापासून बोलूं लागला तर तो ऐकतो, आणि थापा मारूं लागला तर शेजाऱ्याला कोपरानें डिवचून हंसतो. मजुरीसाठीं आलेला माणूस मत बदलून परत गेला, असें घडणें अशक्य नाहीं. म्हणजे तेथें असत्य होतें तें श्रोत्याच्या इच्छेविषयीं. त्याच्या अस्तित्वाविषयीं नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्यें दूरदर्शनसंचांवरील वाहिन्यांच्या लोकप्रियतेच्या आंकड्यांविषयीं मुंबईंत जें प्रकरण उघड झालें, त्यांतला आरोपही ह्याच जातीचा होता. ज्या निवडक घरांत मोजणीचें यंत्र बसविलेलें असतें, त्यांतल्या कांहीं घरांना पैसे देऊन विशिष्ट वाहिनी लावून ठेवण्यास सांगितलें जातें, असें पोलिसांचें म्हणणें होतें. मोजणी करणाऱ्या बार्क ह्या संस्थेनें वृत्तवाहिन्यांचे आंकडे देणें त्यानंतर बंद केलें, ते मार्च २०२२ मध्यें पुन्हां प्रसिद्ध होऊं लागले. खटला मात्र २०२४ सालीं न्यायालयाच्या परवानगीनें सरकारनें मागें घेतला, तेव्हां त्यांतील कोणासही दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, त्या आरोपांतसुद्धां घर खरें होतें, घरांत माणसें खरीं होतीं. बॉटाच्या मागें घरही नाहीं आणि माणूसही नाहीं. त्याला पटत नाहीं, कंटाळा येत नाहीं, तो उठून जात नाहीं. माणसाच्या मताची लबाडी जुनी. माणसाच्या असण्याचीच लबाडी ही नवी.

येथवर वस्तुस्थिति झाली. आतां प्रश्न असा कीं, यांत पाप तें काय ? ह्या व्यवहाराची तरफदारी करणारे तीन मुद्दे मांडतात, आणि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. पहिला असा कीं, यांत कोणाचा खिसा कापला जात नाहीं. एका आंकड्यापुढें दुसरा आंकडा मांडला, इतकेंच. दुसरा असा कीं, सगळेच तसें करतात, तेव्हां जो करणार नाहीं तो मागें पडेल; सोंवळें पाळून उपाशी मरण्यांत शहाणपण कोणतें ? तिसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. गर्दीला गर्दी येते हा जगाचा नियम आहे. आरतीच्या तबकांत पुजारी आरंभीं स्वतःचीं दोन-चार नाणीं टाकून ठेवतो, म्हणजे पाहणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. मग नव्या वाहिनीनें आरंभीं थोडेसे अनुयायी टाकून ठेवले तर बिघडलें कोठें?

तिसऱ्या मुद्यापासून सुरुवात करूं. पुजाऱ्याचें नाणें हें खरें नाणें असतें. तें त्यानें देवापुढें खरोखरच ठेवलेलें असतें. येथें नाणें टाकावयाचें असतें, एवढीच सूचना त्यांतून मिळते. 'आज हजार भक्तांनीं दान केलें' असा दावा तें नाणें करीत नाहीं. त्याच पुजाऱ्यानें तबकांत पत्र्याच्या चकत्या भरून 'पाहा, एवढे लोक देऊन गेले' असें म्हटलें, तर आपण त्याला काय म्हणूं ? सूचना आणि साक्ष यांत जो भेद आहे, तोच येथें आहे. आणि वाहिनीच्या कोपऱ्यांतला आंकडा ही निःसंशय साक्ष आहे.

ती कशी, हें थोडें उकलून सांगितलें पाहिजे. जगांतील प्रत्येक गोष्ट स्वतः पारखून घेण्यास कोणालाही आयुष्य पुरत नाहीं. म्हणून परगांवीं गेलेला मनुष्य ज्या खाणावळींत चार माणसें जेवतांना दिसतात तेथें शिरतो. ज्या दवाखान्याच्या ओट्यावर रोगी बसलेले असतात, तेथें तो आपलें आजारी मूल घेऊन जातो. यास मेंढरूपणा म्हणून नाक मुरडणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. ओट्यावरचा प्रत्येक रोगी न बोलतां एक साक्ष देत असतो कीं, 'मीं पाहिलें, मला गुण आला, म्हणून मी पुन्हां आलों.' इतक्या जणांची साक्ष मानणें हें शहाणपणच आहे. अनुयायांचा आंकडा हा अशाच साक्षींची बेरीज आहे. खोटा अनुयायी हा त्या बेरजेंत घुसलेला खोटा साक्षीदार होय. न ऐकलेल्या गोष्टीविषयीं तो 'मीं ऐकलें' म्हणतो, आणि म्हणणारें तोंडच तेथें नसतें.

हें लक्षांत घेतलें म्हणजे 'कोणाचा खिसा कापला जात नाहीं' हा पहिला मुद्दा टिकत नाहीं. हसनाबादच्या परिसरांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातीं वर्षाकाठीं एकच खरीप असतो. तो फोनवर दोन सल्लागार पाहतो. एकाचे अनुयायी नऊशें आहेत, दुसऱ्याचे नव्वद हजार. दोघे दोन वेगळीं बियाणीं आणि दोन वेगळ्या फवारण्या सांगतात. दुसऱ्याचें ऐकावें असें त्याला वाटलें, तर तो मूर्ख ठरत नाहीं. आपल्यासारख्या नव्वद हजारांनीं हा मनुष्य पारखला आहे, अशीच त्याची समजूत होते. ते नव्वद हजार कोठेंच नसतील, तर त्या शेतकऱ्याची फसवणूक आंकड्यांत झालेली नसते. ती त्याच्या वावरांत झालेली असते, आणि तिचा हिशेब दिवाळीच्या सुमारास कापूस वेंचतांना लागतो. त्याच वेळीं नऊशें खऱ्या श्रोत्यांचा जो प्रामाणिक सल्लागार, त्याच्या तोंडचा घांसही ह्या खोट्या आंकड्यानें काढून घेतलेला असतो. खिसे दोन कापले गेले. कापणाऱ्याला ते दिसले नाहींत, इतकेंच. दुसऱ्या मुद्याचेंही, म्हणजे 'सगळेच करतात' याचेंही, उत्तर यांत आलें. सगळ्यांनींच खोटी साक्ष दिली तर न्यायालय चालणार नाहीं, म्हणून आपणही द्यावी, असें कोणी म्हणत नाहीं.

ज्यानें जाणूनबुजून पैसे मोजून अनुयायी विकत घेतले, त्याच्याविषयीं निर्णय देणें याप्रमाणें अवघड नाहीं. खरा पेंच पुढेंच आहे. पुष्कळदां असें होतें कीं, वाहिनीच्या धन्यानें कांहीं न करतां एका रात्रींत त्याच्याकडे हजार-दोन हजार अनोळखी खातीं येऊन चिकटतात. बॉटांचे कारखानदार आपलीं खातीं खऱ्यासारखीं दिसावींत म्हणून त्यांना वाटेल त्या वाहिनीच्या मागें लावतात. कधीं एखादा हितचिंतक परस्पर विकत घेऊन 'भेट' देतो. कधीं प्रतिस्पर्धीच ते पाठवितो, म्हणजे कंपनीचा संशय येऊन वाहिनी बंद पडेल. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर ट्विचवर असे बॉट टोळीनें येऊन अल्पसंख्य समाजांतील प्रक्षेपकांवर शिव्यांचा भडिमार करूं लागले, आणि त्याच्या निषेधार्थ १ सप्टेंबर २०२१ रोजीं अनेक प्रक्षेपकांनीं एक दिवस काम बंद ठेवलें. अशा वेळीं न बोलावलेल्या ह्या पाहुण्यांचें करावें काय ?

समजा, आपल्या हसनाबादच्या तरुणाची वाहिनी यूट्यूबवर आहे. तेथें जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यासाठीं २०१८ पासून निदान १००० वर्गणीदार लागतात, आणि त्याखेरीज चित्रफिती ठराविक प्रमाणांत पाहिल्या गेल्या पाहिजेत. त्याचे खरे श्रोते सातशें आहेत. एके सकाळीं उठून पाहतो तों आंकडा अकराशेंवर गेलेला. नांवें पाहतांच त्याला कळतें कीं, हीं माणसें नव्हेत. त्यानें हात वर केले नाहींत, पैसे मोजले नाहींत, कोणास विनंति केली नाहीं. घरांत आई म्हणते, 'देवानं दिलं, कशाला लोटतोस ?' आणि घराची ओढग्रस्त स्थिति त्याला डोळ्यांपुढें दिसते आहे. त्यानें तीं खातीं काढून टाकून आपणच आपला आंकडा सातशेंवर आणावा काय ? मीं खोटें बोललों नाहीं, मग दुसऱ्याचें खोटें निस्तरण्याची जबाबदारी माझी कशी, असा प्रश्न त्यानें केला तर त्याला काय उत्तर द्यावें ?

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें नाण्यांच्या व्यवहारांत सांपडतें. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. आमच्या आजोबांच्या पिढीला हैदराबादचा हाली रुपया आणि इंग्रजी अंमलाचा कलदार रुपया, असे दोन्ही हाताळावे लागत, आणि दोहोंचा भाव वेगळा असे. त्या पिढीचा दुकानदार प्रत्येक रुपया दगडावर वाजवून घेई. तरीही गर्दीच्या दिवशीं एखादा खोटा रुपया गल्ल्यांत शिरे. तो शिरला यांत त्याचा अपराध नव्हता. पण रात्रीं हिशेब करतांना तो बद्द वाजला, आणि सकाळीं त्यानें तोच रुपया एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला, तर ? १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें हा प्रश्न नेमका हेरला होता. नाणें हातीं येतांना तें खोटें आहे हें ज्याला ठाऊक नव्हतें, पण पुढें कळल्यावर ज्यानें तें खरें म्हणून दुसऱ्यास दिलें, त्याच्यासाठीं त्या संहितेंत २४१ वें स्वतंत्र कलम होतें. जाणूनबुजून खोटें नाणें मिळविणाऱ्यापेक्षां त्याला शिक्षा सौम्य सांगितली होती. पण त्याला निर्दोष मात्र ठरविलें नव्हतें. जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. परंतु कलमांचे आंकडे बदलल्यानें त्यामागचा विवेक बदलत नाहीं. असत्य आपल्या दारीं आलें, हा योगायोग. तें ओळखल्यानंतर आपल्या नांवानें पुढें चालविलें, ही कृति. आणि कृतीची जबाबदारी करणाऱ्याचीच.

तेव्हां त्या तरुणानें ते चारशें काढून टाकावे, हें उघड आहे. पण येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शुद्धीच्या उत्साहांत माणूस दुसऱ्या अन्यायांत पडतो. खोट्याची जीं लक्षणें सांगितलीं जातात, त्यांतलीं बरींचशीं खऱ्या पण गरीब माणसालाही लागूं पडतात. खात्याला चित्र नाहीं, नांवापुढें भलतेच आंकडे, कधीं एक शब्द लिहिलेला नाहीं, कोणाशीं ओळख नाहीं. हें वर्णन बॉटाचें आहे. आणि नातवानें फोनवर खातें उघडून दिलेल्या, लिहितां न येणाऱ्या, रोज रात्रीं पदर सांवरून काल्याचें कीर्तन ऐकणाऱ्या आजीचेंही आहे. देवळांतल्या खांबाआडची ती म्हातारी आज फोनमध्यें अशीच आडोशाला बसलेली आहे. तिला बॉट समजून हांकलून देणें, म्हणजे असलेल्या माणसाला 'तूं नाहींस' असें म्हणणें होय. नसलेल्याला आहे म्हणणें हें असत्य खरें. पण असलेल्याला नाहीं म्हणणें हें असत्य असून शिवाय निर्दय आहे. अपराधी सुटला तरी चालेल पण निरपराध्यास शिक्षा होऊं नये, हें न्यायाचें तत्त्व येथेंही पाळलें पाहिजे.

म्हणून आमचा निर्णय असा : जेथें खात्री आहे तेथें काढून टाकावें, जेथें संशय आहे तेथें राहूं द्यावें, आणि दोन्ही प्रसंगीं त्या आंकड्यावर टेकूं नये. ह्यांतलें शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. संशयास्पद खातें यादींत राहिलें म्हणून वाहिनीचा धनी असत्यवादी होत नाहीं. पण जाहिरातदारापुढें, सरकारी कचेरींत किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यानें तो आंकडा 'माझे इतके लोक' म्हणून पुढें केला, त्या क्षणीं तो त्या साक्षीवर सही करतो. आपल्या श्रोत्यांना त्यानें सरळ सांगावें कीं, मध्यंतरीं कांहीं खोटीं खातीं आलीं होतीं, तीं काढलीं, आंकडा उतरला तो यामुळें. त्याचा दवंडीसारखा गाजावाजा करूं नये, कारण स्वतःच्या सचोटीचें प्रदर्शन हाही अनुयायी मिळविण्याचा एक मार्ग होऊन बसतो. एकदां सांगावें आणि कामाला लागावें. कोणीं पाठविले याचा कयास बांधून एखाद्या प्रतिस्पर्ध्याचें नांव घेणें तर टाळावेंच. पुराव्यावांचून घेतलेलें नांव ही आणखी एक खोटी साक्षच.

उत्पन्नाचें काय, असें कोणी विचारील. ओढग्रस्त घरांतील मुलाला तीनशें खऱ्या श्रोत्यांची वाट पाहत बसा म्हणणें, हें पगारदार अध्यापकाच्या तोंडीं शोभतें काय ? हा टोला आम्हांस मान्य आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ह्या सौद्याची दुसरी बाजू त्याला कोणी दाखवीत नाहीं. बॉट बियाणें विकत घेत नाहीं, कीर्तनाला वर्गणी देत नाहीं, अडचणींत धांवून येत नाहीं. कंपनीनें पुढें केव्हां तरी झाडलोट केली, म्हणजे ते चारशें एका रात्रींत जातातच. जातांना कधीं कधीं वाहिनीही घेऊन जातात. पण याहून मोठी हानि आंतली आहे. खोट्या आंकड्यानें जग फसण्यापूर्वीं बोलणारा स्वतः फसतो. आपलें कोणतें वाक्य पोंचलें, कोणतें नाहीं, लोक कोठें हंसले, कोठें उठून गेले, ही जी वक्त्याची शाळा, तीच बंद पडते. न हलणाऱ्या, न उठणाऱ्या, न कंटाळणाऱ्या श्रोत्यांपुढें बोलत राहिलेल्या माणसाची सुधारणा होत नाहीं. आणि हळूहळू तो आंकड्याकडे पाहून बोलूं लागतो. ते सातशें खरे श्रोते समोर असूनही पोरके होतात.

लोकसंग्रहाचा महिमा आपल्या समाजास नवा नाहीं. त्या विचाराला आयुष्य वाहून घेणारे समर्थ रामदास ह्याच जालना जिल्ह्यांतील जांबेचे. १६०८ सालीं त्यांचा तेथें जन्म झाला. पण लोकसंग्रह आणि संख्यासंग्रह यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. लोकसंग्रहांत एकेका माणसाला भेटावें लागतें, त्याचें ऐकून घ्यावें लागतें, त्याच्या मनांत कांहीं रुजवावें लागतें. त्याला वर्षें लागतात. संख्यासंग्रह पैसे टाकले कीं तासाभरांत होतो, आणि त्यांत कोणाच्याही मनांत कांहीं रुजत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून सात वर्षें चालली; अंक निघाले ८४. तिच्या वर्गणीदारांचा आंकडा आजच्या कोणत्याही चटोर वाहिनीपुढें हास्यास्पद ठरेल. परंतु त्या थोड्या घरांत तो अंक खरोखर वाचला जात होता, त्यावर वाद होत होते, आणि त्या वाचनांतून एक पिढी घडत होती. थोडक्या पण खऱ्या वाचकांनीं काय होतें, याचा दाखला मासिकाच्या वाचकांना याहून जवळचा कोणता द्यावा ?

आणखी एक दाखला हसनाबादच्याच तालुक्याचा आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. मध्यप्रदेशांतील सांचीच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वींचे जे शेंकडों लहान लहान दानलेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या दात्यांचेही आहेत. कोणी राजा नव्हे, सेनापति नव्हे, सामान्य स्त्री-पुरुष. कोणाचें दान एका खांबाएवढें, कोणाचें एका आडव्या पट्टीएवढें. त्या काळीं एवढ्या दूरच्या प्रवासाला किती दिवस लागत असतील याची कल्पनाच करावी. हीं नांवें कोणी मोजून त्यांचा एक भला मोठा आंकडा स्तूपाच्या दारावर लिहिला नाहीं. ज्याचें दान त्याचें नांव, इतकाच हिशेब ठेवला. प्रत्येक नांवामागें एक हात होता, त्या हातानें कांहीं दिलें होतें, आणि म्हणून तीं नांवें आजही साक्ष देतात. आपल्या तरुणांनीं आपल्या सातशें श्रोत्यांकडे ह्या दृष्टीनें पाहावें, एवढीच आमची त्यांना विनंति आहे. सातशें माणसें आपलें काम बाजूला ठेवून आपलें बोलणें ऐकतात, हा आंकडा लहान नाहीं. ह्या देशांत सातशें वस्तीचीं कितीतरी गांवें आहेत, आणि सगळें गांव पारावर ऐकावयास जमलें, तर कोणत्याही वक्त्याला आपण काय बोलणार आहों याचा आधीं नीट विचार करावा लागेल.